आहेराचं बिल

बिल पाठवा. जीएसटी बिल पाठवा. आमच्या फर्मच्या नावाने पाठवा. सकाळचा चहा हातात यायच्या आत माझ्या मोबाइलवर असे सात-आठ मेसेज येऊन पडलेले असतात. मी धम्मदिना. कामतघर भागात तिसऱ्या माळ्यावरच्या दोन खोल्यांतून एका अ‍ॅपवर ऑनलाइन चादरी विकते. सासूबाईंच्या नावावरून दुकानाचं नाव ठेवलंय मंदा टेक्सटाइल. नवरा नरेंद्र गोडाऊनमध्ये ड्युटीला असतो, त्यामुळे ही कटकट दिवसभर माझ्या एकटीच्या डोक्याला.

लोकांच्या मागण्या ऐकाल तर डोकं फिरेल. एक जण एक चादर घेतो आणि पाच चादरींचं बिल मागतो. दुसऱ्याला मागच्या मार्चची तारीख हवी असते. तिसरा माल मिळाल्यावर दोन महिन्यांनी कंपनीचा जीएसटी नंबर पाठवतो आणि म्हणतो, आता हा टाकून द्या. अहो, ते बिल रिटर्नमध्ये जाऊन बसलं, आता काय सरकारच्या पोटातून ओढून काढू? पण असं लिहिता येत नाही. चिडून लिहिलं की एक स्टार मिळतो. म्हणून दात आवळून लिहायचं, 'सर, क्षमस्व. आपला ऑर्डर नंबर सांगता का?'

एवढंही सोसलं असतं. पण गेल्या महिन्यात नवीनच सुरू झालं. 'पार्सलमध्ये बिल नव्हतं.' एक झाली, दोन झाल्या, बघता बघता नऊ तक्रारी. आता हे बिल मी स्वतः छापते, स्वतः पिशवीत घालते, वर चिकटपट्टी स्वतः मारते. अ‍ॅपवाल्यांचा नियम असा की अशा दहा तक्रारी झाल्या की दुकान बंद. हेल्पलाइनला फोन लावला तर पलीकडची बाई म्हणते, "मॅडम, बिल टाकत जा." मी म्हटलं, "टाकते." ती म्हणते, "हो, टाकत जा." भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

दुकान बंद म्हणजे मी पुन्हा पूर्णा गावच्या गोडाऊनमध्ये बारा-बारा तास उभी राहून स्कॅनिंग करणार. ते मी चार वर्षं केलंय. पाय अजून दुखतात. तिथे परत जायचं नाही, एवढं एकच मी मनाशी ठरवलेलं होतं.

मग एका गिऱ्हाइकाने रागारागाने पिशवीचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून बघितला. चिकटपट्टीवर दुसरी चिकटपट्टी होती. म्हणजे कुणीतरी पिशवी उघडून पुन्हा बंद केली होती. कोण करणार? घरातून निघालेलं पार्सल पहिल्यांदा हातात घेतो तो राघो. पन्नाशीचा माणूस, कशेळीच्या कुरिअरच्या हबवरून टेम्पो घेऊन येतो आणि रोज आमच्याकडून पार्सलं नेतो. दुसऱ्याच्या जीएसटी नंबरवर लोक काय काय खपवतात, हे मी ऐकून होते. मला पक्कं वाटलं, हाच पिशवीतली बिलं काढून विकतो. फोटो जोडून अ‍ॅपकडे तक्रार ठोकली.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. संबंधित व्यक्तीला पिकअपवरून काढण्यात आले आहे, आपल्या नावावरील नऊ तक्रारी रद्द करण्यात येत आहेत. त्या दिवशी मी जिलेबी आणली. आई, म्हणजे सासूबाई, जिलेबी खाता खाता म्हणाल्या, "राघो आला न्हाय आज. आजारी हाय का?" मी म्हटलं, असेल.

पुढच्याच आठवड्यात सकाळी मेसेज आला. पार्सलमध्ये बिल नव्हतं. आता तर राघोही नव्हता. मी चरफडत दुसरी पार्सलं बांधली आणि रोजच्यासारखी लूमवर चादरी आणायला गेले. तिथे लाइट गेलेली, लूम बंद. अर्ध्या तासात परत आले.

आई खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर मीच बांधलेली पिशवी. सुरीच्या टोकाने त्यांनी चिकटपट्टी अलगद सोडवली, आतलं बिल काढलं, नीट घडी घालून डब्यात ठेवलं आणि पिशवीला नवीन पट्टी लावली. मी दारातच उभी.

"आई, हे काय करताय?"

"किंमत काढते." त्यांनी मान वर केली नाही. "आहेराला किंमत लावून कोन देतं? देनाऱ्याला लाज वाटंल."

मी ती पिशवी हातात घेतली. दोन चादरींची रिबिन बांधलेली जोडी आहे आमच्याकडे. तिचं 'आहेर जोडी' हे नाव मीच ठेवलेलं, पिशवीवर मोठ्या अक्षरात मीच छापून घेतलेलं. दहाच्या दहा तक्रारी त्याच जोडीच्या होत्या. मी एकदाही ते ताडून बघितलं नव्हतं.

मग मी ओरडले. बरंच ओरडले. आईंनी ऐकून घेतलं. "तू मला आधी सांगायचं व्हतंस," म्हणाल्या. "फेकली न्हाय मी, समदी हायेत." आणि मग रागाच्या भरात माझ्या तोंडून निघालं की मी राघोवर आळ घेतला. तेव्हा मात्र त्या उठल्या आणि पायात चप्पल घातली.

"चल. त्या बिचाऱ्याचं काय ते बघ आधी."

कशेळीच्या हबवर प्रितम नावाचा सुपरवायझर होता. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तक्रार मागे घ्यायची तर लेटरहेडवर द्या, सही-शिक्का आणि जीएसटी नंबरसकट. पण मॅडम, हे वर गेलं की त्या नऊ तक्रारी परत तुमच्या नावावर लागतील. अजून एक असली तर दुकान गेलं समजा." अजून एक होती. सकाळचीच.

राघोला तिथे गोणी उतरवायला लावलं होतं. आम्हाला बघून तो थांबला. आई म्हणाल्या, "बिलं मी काढली रे राघो. नाव मात्र तुझं आलं." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तीन वर्षं तुमचा जिना चढतोय. एकदा मला इचारायचं तरी."

मी रोज शंभर अनोळखी माणसांना ऑर्डर नंबर विचारते. नाव विचारते, पत्ता विचारते, काय अडचण आली ते विचारते. या माणसाला एक शब्द विचारला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. पुन्हा पूर्ण्याला उभं राहायचं, हेही त्याच वेळी डोळ्यांसमोर आलं. पर्समध्ये कायम असणारं लेटरहेड आणि शिक्का मी काढला, झालं ते सगळं लिहिलं, नंबर घातला, सही केली, शिक्का मारला. प्रितमने फोटो काढून तो वर पाठवला.

परतताना रिक्षा अंजूर फाट्याला अडकली होती, तेव्हा मेसेज आला. दुकान बंद.

"राघो उद्यापासनं परत येईल ना गं आपल्याकडं?" आईंनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्याने येऊन न्यायला आता घरात काही नसणार, हे त्यांना रिक्षात सांगवलं नाही.