जाऊबाईंचे केस

चर्चच्या मंडळीत तिला सगळे मावशी म्हणत. कुणाचं ऑपरेशन असो, कुणाच्या घरी मयत असो, मावशीला निरोप जायचाच. ती प्रार्थनेला उभी राहिली की तोंडातून शब्द कसे रेशमाच्या लडीसारखे उलगडत. आजारी माणसांना भेटायला जाणाऱ्या बायकांच्या गटाची ती पुढारीण होती. गावभर तिची पायपीट चाले. फक्त मागच्या गल्लीतलं एक घर तेवढं वाटेत येत नसे. ते तिच्या थोरल्या जावेचं.

सासूबाईंच्या दफनाच्या दिवशी थोरली भरल्या घरात म्हणाली होती, "आजारपणात हिनं कधी घोटभर पाणी विचारलं असेल तर शपथ." जिनं रात्र रात्र सासूच्या उशाशी बसून काढली, तिला हे ऐकावं लागलं. त्या दिवसापासून दोघींमध्ये बोलणं नव्हतं. चर्चमध्ये एक पुढे बसे, एक मागे.

एका रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या पाळकांची बायको, पाळकीणबाई, मावशीजवळ आल्या. त्या मंडळीत नव्या होत्या. त्यांना मागचं काही ठाऊक नव्हतं. "मावशी, तुमच्या जाऊबाई पडल्या. उजवा हात मोडलाय. मुलगी परगावी, घरात एकट्या. तुम्ही घरच्याच, तुम्हीच जा ना!"

नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? घरी येऊन तिनं आदळआपट केली. नवरा पेपरमागून म्हणाला, "जाऊन ये. आणि बेल दाबत बसू नकोस, बिघडलीय ती. कडी वाजव."

"तुम्हाला काय माहीत बेल बिघडलीय?"

पेपर थोडा वर सरकला. "वहिनी आहे माझी," एवढंच उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं कडी वाजवली. थोरलीनं दार उघडलं. हात गळ्यात बांधलेला, चेहरा उतरलेला, पण नाकाचा शेंडा तसाच वर. "प्रार्थनेला आलीस? कर आणि जा."

"बसू का, जाऊबाई?"

"खुर्ची आहे ना समोर!"

मावशीनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. देवाची दया, देवाचा हात, दुखण्यातला आधार, सगळं ओळीनं आलं. मग नेहमीसारखी ती क्षमेवर आली आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली. इतकी वर्षं ती देवाला सांगत आली होती, हिचं मन मऊ कर. हिचंच. आता ते मनातल्या मनात ऐकताना तिला चहाडी केल्यासारखं वाटलं. पुढचा शब्द काही केल्या येईना.

"काय झालं?" थोरलीनं एक डोळा उघडला. "चर्चमध्ये तर थांबता थांबत नाहीस."

"सुचत नाहीये."

"मग राहू दे. माझं लक्षही नव्हतं. डोकं इतकं खाजतंय की देव आठवेना." थोरलीनं डाव्या हातानं डोक्यावरची ओढणी काढली. केसांचा नुसता गुंता झाला होता. "एका हातानं धुता येत नाहीत. शेजारीण म्हणते, कापून टाका."

तरुणपणी या केसांचा थोरलीला केवढा तोरा! आता ते पांढरे होते, पण कमरेपर्यंत होते.

मावशी उठली. हातातलं बायबल टेबलावर ठेवलं आणि पदर खोचला. "कापायचे नाहीत. पाणी कुठे तापवता?"

न्हाणीघरात स्टूल मांडून तिनं थोरलीला बसवलं, प्लास्टरवर पिशवी बांधली, मान पुढे वाकवली आणि मगानं पाणी ओतलं.

"अगं, भाजलं!"

"बरं, थोडं थंड घालते."

"आता गारठून मारशील!"

मावशीला हसू आलं. तिनं ते दाबलं, मग दाबलं नाही. शाम्पू चोळताना बोटांना थोरलीची टाळू लागली. हाडं कशी लहान मुलाच्या डोक्यासारखी हाताला जाणवत होती. इतकी वर्षं जिच्यावर राग धरला, ती बाई एवढीशीच होती. वाकलेल्या मानेवर ओघळलेला फेस मावशीनं तळहातानं हलकेच पुसला.

केस पुसून तिनं थोरलीला खिडकीपाशी बसवलं. गुंता खालून एकेक बट धरून सोडवला. ऊन कलेपर्यंत तेच चाललं. शेवटी सैल वेणी घालून मावशीनं जावेच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे उघडे ठेवूनच म्हणाली, "प्रभू, हिचा हात बरा कर. आणि माझं मन धुऊन काढ, ते माझं मला जमत नाही."

थोरली "आमेन" म्हणाली नाही. म्हणाली, "परवा ये. पाणी नीट तापव."

प्लास्टर निघेपर्यंत मावशी येत राहिली. कधी भांडी घासली, कधी चादरी बदलल्या, कधी नुसता चहा पीत बसली. एकदा वेणी घालून होत आली असताना थोरली खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं. सासूबाई शेवटी तुझंच नाव घेत होत्या. मला ते सहन झालं नाही."

या वाक्याची मावशीनं किती वाट पाहिली होती! आलं तर काय काय सुनावायचं तेही ठरलेलं होतं. त्यातलं एकही आठवेना.

"नकोच होतं बोलायला," ती म्हणाली. "फार लागलं मला. आणि मीही तेच उराशी धरून बसले. मान सरळ करा, वेणी वाकडी होतेय."

थोरलीनं मान सरळ केली. तिचे खांदे हलत होते. मावशीनं फणी खाली ठेवली आणि तिला मागूनच मिठी मारली.

पुढे आजाऱ्यांच्या घरी गेली की मावशी आधी विचारायची, "काय करू तुमच्यासाठी?" तिची प्रार्थना आता आखूड झाली होती. चर्चमध्ये काहींना ते खटकलं. थोरली मात्र तिच्या शेजारीच बसू लागली, आणि पहिल्याच रविवारी पंख्याखालची जागा कुणाची यावरून दोघींची चांगलीच जुंपली.