डावा खांदा आत

वहिनीच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी होतं आणि शनिवारी सकाळी आम्ही दोघी सुळक्याखाली उभ्या होतो. हे शहाणपणाचं नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी दादाने सांगितलं होतंच, एकदा जेवताना आणि एकदा मी गाडीत दोर टाकत असताना. डॉक्टरांचं म्हणणं असं, की फाटलेला स्नायू शिवला की हात पुन्हा वर जाईल, वहिनीला पेशंटचे दात काढता येतील, सामानाच्या पिशव्या उचलता येतील. पण खडकाच्या भेगेत तो खांदा अडकवून त्यावर लटकणं आता संपलं. म्हणजे थोरली चढायची तर याच दोन दिवसांत. नाहीतर राहिलीच.

थोरली म्हणजे त्या सुळक्यावरची भेग. तिच्या शेजारी धाकटी आहे. धाकटीत मूठ घातली की घट्ट बसते, कुणीही चढून जावं. थोरलीत मूठ घातली तर आत नुसती फिरते आणि अख्खं अंग घालावं तर मावत नाही. एक खांदा, एक हात, एक गुडघा तेवढा आत कोंबायचा, उरलेली आपण बाहेर, आणि वीत वीत वर सरकायचं. दिसायला अत्यंत वाईट प्रकार आहे. धाकटी अर्ध्यावरच संपते, त्यामुळे माथ्यावर जायला थोरलीशिवाय वाट नाही. सहा वर्षं आम्ही तिच्या नादी लागलो होतो आणि सहा वर्षं तिने आम्हाला निम्म्यावरून परत पाठवलं होतं.

दादाने माझ्याकडून शब्द घेतला होता. पुढे मी चढायचं, माथ्यावरून दोर धरायचा, आणि मगच वहिनीने मागून यायचं. म्हणजे ती सुटली तरी दोरावर अलगद लटकेल, खांद्याला हिसका बसणार नाही. मी शब्द दिला. मला तो जड वाटला नाही, कारण पुढे चढायला मला आवडतंच. मी सुतारकाम करते, वडिलांनंतर वर्कशॉप मीच चालवते, आणि जोर लावून काम होत नसेल तर अजून जोर लावावा अशा मताची मी आहे.

शनिवारी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. हातांना पट्ट्या गुंडाळल्या, दोन शर्ट एकावर एक चढवले, उजवा खांदा आत घातला आणि निघाले. भेगेत उघडून अडकणारे दोन मोठे कॅम आमच्याकडे होते. त्यांत दोर अडकवायचा आणि ते आपल्याबरोबर वर सरकवत न्यायचे. निम्म्यावर तांबूस डाग आहे, तिथून थोरली डावीकडे कलते. तिथे पोचले की दरवेळी तेच होतं: अंग तोंडघशी बाहेर कलंडायला लागतं, आतला हात सुटायला बघतो आणि दम संपतो. त्या दिवशीही तेच झालं. तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा मी खडकाला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि पन्हळीतून यावं तसं भेगेतून पाणी यायला लागलं. एकेक कॅम खाली घेत मी उतरले. खाली येईपर्यंत ऊन पडलं होतं, म्हणजे कपाळावर हात मारून घ्यावा असं. पण भेग आतून ओली ती ओलीच.

मुक्कामाला पायथ्याची पत्र्याची शेड होती. संध्याकाळी वहिनी तिथे मोजे पिळत होती. मोज्याचं एक टोक खिळ्याला अडकवून ती डाव्या हाताने पीळ देत होती. चहाचं भांडं डाव्या हाताने उचललं, काडी डाव्या हाताने ओढली. आठ महिने तिचं असंच चाललं होतं. खांदा दुखावल्यापासून तिने दवाखान्यातली खुर्चीसुद्धा उलटी फिरवून घेतली होती आणि दुसऱ्या बाजूला उभी राहून डाव्या हाताने दात काढायला शिकली होती. जुने पेशंट आधी घाबरत, मग मुकाट्याने तोंड उघडत.

मोजा झटकत तिने विचारलं, "आपण उजवाच खांदा का आत घालतो गं?"

"कारण ती तशीच जाते," मी फटकन म्हणाले. दिवसभर आपटून आलेल्या माणसाला प्रश्न आवडत नाहीत.

"पण का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोर माझं वर्कशॉप उभं राहिलं. सहा वर्षांपूर्वी सरावासाठी मी दोन जाड फळ्या उभ्या ठोकल्या होत्या, मध्ये थोरलीएवढीच फट ठेवून. काम चोख होतं. फक्त करवतीच्या मशीनला जागा हवी म्हणून मी त्या अगदी कोपऱ्यात, उजवीकडच्या भिंतीला चिकटवून ठोकल्या. डावा खांदा फटीत घातला की तोंड उजवीकडे होतं आणि गुडघा भिंतीवर आपटतो. उजवा घातला की तोंड डावीकडे, तिकडे मोकळी जागा. म्हणून आम्ही उजवा घालत होतो. थोरलीने कधीच तसं सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं माझ्या भिंतीने.

आणि थोरली डावीकडे कलते. उजवा खांदा आत असेल तर कललेल्या भागात माणूस पालथा पडणार, डावा आत असेल तर पाठ टेकायला भेगेची खालची भिंत मिळणार. एवढं साधं गणित, आणि मी, जिचं पोट कोन मोजण्यावर चालतं, ते सहा वर्षं पाहिलं नव्हतं. मधेच बाजू बदलता येत नाही, गुडघा आत रुतलेला असतो. त्यामुळे तिथे पोचल्यावर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी हे सगळं वहिनीला सांगितलं. सांगता सांगताच पुढचं माझ्या लक्षात आलं, आणि तेही बोलले, कारण गिळून टाकलं असतं तर जन्मभर टोचलं असतं. "तुझा खांदा त्या फळ्यांतच गेला, वहिनी. रोज उजवाच, रोज उजवाच. मी भिंतीपासून हातभर सोडून ठोकल्या असत्या तर आज तू इथे अशी बसली नसतीस."

तिने तोच मोजा पुन्हा झटकला. मला इतकी लाज वाटत होती की तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"फळ्या तू ठोकल्यास," ती म्हणाली, "पण घुसत मी होते ना? मीही सहा वर्षांत कधी विचारलं नाही." मग तिने मोजा दोरीवर टाकला आणि उद्या किती वाजता निघायचं ते विचारलं.

रविवारी सकाळी धुक्याने सुळकाच गिळला होता. मग भुरभुर पाऊस, मग वारा. वारा मात्र कामाचा निघाला. अकरापर्यंत त्याने थोरली आतून सुकवली. पलीकडच्या डोंगरामागे काळं काहीतरी जमत होतं, पण त्याला यायला तासभर लागेल असा आमचा अंदाज होता. शब्द दिलेला, म्हणून पुढे मीच गेले, डावा खांदा आत घालून. आणि काय सांगू, ते अंग माझं नव्हतंच. सहा वर्षांची सवय. डावा हात आत गेला की त्याला काय करायचं ते सुचेना, डावा पाय पाहुण्यासारखा नुसता लोंबत राहिला. दोन माणसांच्या उंचीवर अडकले, कोपर सोलून घेतलं आणि खाली आले.

वळून बघते तर वहिनीने कमरेला पट्टा बांधला होता.

"मी दादाला शब्द दिलाय," मी म्हणाले.

"तू दिलास. मी नाही दिला." ती डाव्या हाताला पट्टी गुंडाळत होती. उजव्या हाताने नव्हे, दातांनी धरून. "आठ महिने माझं सगळं याच हाताने चाललंय. तुझ्याकडे तो नुसता आहे, माझा कामाला लागलाय. आणि उजवा मी वर नेणारच नाही, छातीशी धरून ठेवणार."

"आणि सुटलीस तर?"

"तर दोर तुझ्या हातात आहे ना."

मला दादाचा चेहरा दिसत होता. आणि हिला आज नाही म्हटलं तर बुधवारनंतर तिच्या नजरेला नजर कशी देणार, तेही दिसत होतं. मी तिची गाठ तपासली, पुन्हा तपासली आणि दोर धरला.

ती हळू गेली. माझ्यासारखी धुसफुसत नाही, दाढ उपटताना लावतात तसा बेताचा जोर लावत. डावा खांदा आत, डावा गुडघा आत, उजवं कोपर बरगडीला चिकटवून पंजाने फक्त कडेला रेटा. तांबूस डागापाशी पोचली. तिथे ती थांबली. मला वाटलं, झालं, आता सुटते.

"इथे चक्क टेकता येतंय गं," वरून आवाज आला.

सहा वर्षांत त्या जागी आम्ही धापा टाकल्या होत्या, रडलो होतो, एकमेकींवर डाफरलो होतो. आणि ती तिथे पाठ टेकून श्वास घेत होती.

तासभर नाही, पाऊण तासातच ते काळं आलं. टपोरे थेंब, मग गारा. खालचा कॅम ओल्या फटीत असा रुतला की हलेना. तिने तो तिथेच सोडला आणि एकाच कॅमवर पुढे निघाली. शेवटच्या दहा फुटांत तिचा पाय एकदा घसरला, ती वीतभर खाली आली आणि दोर माझ्या मुठीत ताठ झाला. गारा माझ्या हेल्मेटवर वाजत होत्या. उतर, असं मी ओरडणार होते, खरंच ओरडणार होते. पण ती पुन्हा सरकायला लागली होती. वीतभर गेलं होतं ते परत मिळवलं, मग अजून वीतभर, मग माथ्याच्या कडेवर पोटावर घसरत, पाय झाडत, दिसेनाशी झाली. उजवा हात तिने एकदाही डोक्यावर नेला नाही.

मी मागून गेले ती दोनदा दोरावर लटकत. रुतलेला कॅम ठोकून काढला आणि सोललेलं कोपर पुन्हा सोललं. माथा जेवणाच्या टेबलाएवढा आहे. वहिनी तिथल्या जुन्या लोखंडी खुंट्याला स्वतःला बांधून बसली होती आणि रडत होती. मीही रडले. पाऊस अर्थातच तेवढ्यात थांबला.

खाली उतरायची तयारी करताना ती सहज बोलावं तसं म्हणाली, "डॉक्टरांनी उजव्या खांद्याचं सांगितलंय. डाव्याचं काहीच म्हणाले नाहीत."

सोमवारी सकाळी दादा वर्कशॉपमध्ये आला. मी मशीन बंद केलं. कोण पुढे होतं, त्याने विचारलं.

"ती," मी म्हणाले. "मी शब्द मोडला. आणि दादा, तिचा खांदा या फळ्यांनी गेलाय. मी चुकीच्या जागी ठोकल्या होत्या." भिंत, कोपरा, गुडघा, सगळं दाखवलं.

तो स्टुलावर बसला. माझ्यावर तो लहानपणापासून कधी ओरडला नाही, आणि त्या दिवशी ओरडावं असं मला फार वाटत होतं. "परत मला शब्द देऊ नकोस," एवढंच तो म्हणाला.

मी पटाशीने फळ्यांचे खिळे उपसायला घेतले. सगळी चौकट भिंतीपासून बाहेर आणायची होती आणि ती एकटीला उचलण्यासारखी नव्हती. थोड्या वेळाने दादा उठला आणि त्याने दुसरं टोक धरलं. आम्ही ती भिंतीपासून हातभर बाहेर आणून उभी केली. मी पेन्सिलने जमिनीवर खूण करणार, तेवढ्यात दादा, जो आयुष्यात कधी खडकाला हात लावायला गेला नाही, त्याने आपला डावा खांदा फटीत घातला, भिंतीकडे तोंड केलं आणि गुडघा वाकवून पाहिला. गुडघा भिंतीला जेमतेम घासला.

"अजून वीतभर सरकव," तो म्हणाला. "तिचे पाय माझ्यापेक्षा लांब आहेत."