माहेरची कोंबडी

आमच्या घरापुढं लॉन आलं ते माझ्या मोठ्या दिरांच्या हौसेपायी. वामनराव त्यांचं नाव. महाराष्ट्र तेव्हा नवानवा होता, पंचायत समित्या नुकत्याच निघाल्या होत्या आणि भाऊजी मोताळ्याच्या समितीवर निवडून गेले होते. बुलढाण्याला कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यापुढं त्यांनी हिरवळ पाहिली आणि ती डोक्यात घेऊनच घरी आले. ज्या अंगणात आम्ही मिरच्या वाळवायचो, तूर झोडायचो, ते अंगण आता साहेबलोकांसाठी झालं. आम्ही आमची वाळवणं घेऊन मागच्या परसात गेलो.

आणि लॉन लावलं कशाचं, तर हरळीचं! आमच्या वावरातल्या बाया जन्मभर जी हरळी खुरप्यानं उपटून धुऱ्यावर फेकत आल्या, तीच पाट्या भरभरून आणायला लावली आणि ओळीनं रोवायला लावली. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. गीताबाई तर म्हणाली, "मालक, वावरातही हेच लावा नं. आमचं निंदन तरी वाचन." भाऊजी हसले नाहीत. सालदार कडूबा भर उन्हाळ्यात विहिरीवरून कावडीनं पाणी आणायचा आणि त्या गवताला पाजायचा. आम्ही दोघी जावा रांजणात डोकावून डोकावून पाणी वापरत होतो. गवताला मात्र कशाची टंचाई नव्हती.

मोठी जाऊ वच्छलाबाई. मी त्यांना नुसतं बाई म्हणायचे. बाईंच्या कोंबड्या होत्या. शेत, बैल, घर, सगळं पुरुषांचं. पण कोंबडी बाईमाणसाची. तिला हात लावायचा तर घरधन्यानंही बायकोला विचारायचं, ही आमच्याकडची रीत. बाकीच्या कोंबड्या बाजारातून आणलेल्या होत्या. एकच, तांबूस मानेची काबरी, बाईंच्या माहेरची. लग्नात त्यांच्या आईनं एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, दिली होती, तिच्या लेकीची ही लेक. पुढं आई गेली, भाऊ अमडापूरची जमीन विकून कुठं निघून गेला, माहेरचं दार बंद झालं. त्यात कोंबड्यांत मानमोडीची साथ आली आणि त्या वंशातल्या बाकी सगळ्या माना टाकून मेल्या. "मायच्या घरचं आता एवढंच राह्यलं वं," असं म्हणत बाई काबरीला स्वतःच्या ताटातले दाणे टाकायच्या.

उन्हानं सगळी जमीन दगड झालेली. ओली, भुसभुशीत माती फक्त लॉनमध्ये, आणि तिच्यात गांडुळं. कोंबड्यांनी दुसरीकडं कशाला जावं? सकाळी खुराडं उघडलं की थेट लॉनवर. पायानं हरळी उकरायची, गांडूळ टिपायचं, खड्ड्यात बसून अंगावर माती उडवायची. आठवड्यात लॉनला जागोजाग खांडकं पडली. भाऊजी काठी घेऊन धावायचे.

"तुह्या कोंबड्यायनं माह्या इज्जतीचा उकिरडा केला!"

"कोंबडी उकरन नाही तं काय पोथी वाचन?" बाई म्हणायच्या.

पण रोजची कटकट नको म्हणून त्यांनी कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवायला सुरुवात केली. काबरी तेवढी मोकळी होती, कारण ती खुडूक झाली होती. सरकीच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टोपल्यात अंड्यांवर बसलेली. दिवसातून एकदा, दुपारी, उठायची. दाणे टिपायची, मातीत लोळायची आणि अंडी निवायच्या आत परत जाऊन बसायची. पिलं फुटायला आता दोन-तीन दिवसच उरले होते. बाई रात्री उठून टोपल्यात हात घालून यायच्या.

अशात भाऊजींचे कोणी साहेब जेवायला यायचे ठरले. "पांढरा कोंबडा घेऊ काय?" भाऊजींनी विचारलं. रीतीनं विचारलं, खोटं कशाला बोलू? बाई म्हणाल्या, "घ्या."

मटण-कोंबडी आमच्या चुलीवर शिजत नसे. गोठ्यामागं तीन दगडांच्या चुलीवर गडीमाणसंच शिजवायची. आम्ही फक्त वाटण करून द्यायचं. त्या दुपारी बाई पाट्यावर खोबरं-खसखस वाटत होत्या, मी लसूण सोलत होते. मागं रस्सा चढलेला, त्याचा वास घरात आलेला.

आणि कोंबडा आरवला.

छपरावरून, चांगला गळा ताणून. बाईंचा हात वरवंट्यावर थांबला. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तशाच उठल्या, मसाल्याच्या हातानं सरकीच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले. टोपल्यात अंडी उघडी पडली होती.

वाटण न्यायला कडूबा दारात आला. बाईंनी विचारलं, "कडूबा, चुलीवर काय हाये?"

तो खाली मान घालून म्हणाला, "डालगं उचललं तं कोंबडा निसटून छपरावर चढला, मोठ्या बाई. सापडे ना. काबरी लानात मातीत लोळून राह्यली होती. मालकानं सोताच धरली. मी म्हनलं, मालक, खुडूक हाये थे. तं म्हनले, चूप बस."

मला वाटलं, बाई आता पाटा उचलून अंगणात फेकतील. मीच फेकला असता, इतका मला संताप आला होता. पण मोठ्या दिरापुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. बाई खाली बसल्या, उरलेलं वाटण बारीक वाटलं, कडूबाच्या हातात दिलं. मग सरकी पाटीत घेऊन चुलीशी कोमट केली, अंडी तिच्यात पुरली आणि पाटीवर गोधडी घालून तिथंच बसून राहिल्या.

साहेब आले. लॉनवर खुर्च्या टाकून बसले, पोटभर जेवले, चूळ भरली तीही लॉनवरच. लॉनबद्दल चकार शब्द नाही. रात्री भाऊजी आत आले.

"मले काय मालूम, थे खुडूक होती म्हनून?"

खुडूक कोंबडी पिसं फुलवून चालते, तिचा कुडकुड आवाज आमच्याकडचं शेंबडं पोरही ओळखतं. बाईंनी गोधडीखाली हात घालून अंडी पालटली.

"साहेब ब्लॉकाच्या हापिसातून पांढऱ्या इलायती कोंबड्या देऊन राह्यले तुले. जाळीतच राह्यतात. उकरत बी नाही, खुडूक बी होत नाही."

"बरं हाये," बाई म्हणाल्या. "अंड्यायवरून उठा लागन नाही त्यायले कोनासाठी."

अंडी त्यांनी जिवापाड ऊब देऊन सांभाळली. बाकीची सगळी सडली, एकातून पिलू निघालं. चिवचिवत आईला शोधत घरभर फिरायचं, शेवटी बाईंच्या लुगड्याच्या घोळात शिरून झोपायचं. बाई त्याच्याशी एक शब्द बोलत नसत. दाणे टाकायच्या, पाणी ठेवायच्या, बस. तो वाढला, मानेवर तांबूस पिसं आली. नर होता.

दिवाळीनंतर तेच साहेब पुन्हा यायचे झाले. भाऊजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. या वेळी आवाज मऊ होता.

"थो तांबड्या मानेचा कोंबडा घेऊ काय? तुले इचारून राह्यलो बरं."

बाई भाकरी थापत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "मले काऊन इचारता? माह्या माहेरची होती थे तुमी कापली. हा तुमच्या घरच्या सरकीत निपजला, बिनमायचा. हा तुमचा हाये."

भाऊजी शरमले, मान खाली घालून परत फिरले, असं सांगायला मला फार आवडलं असतं. ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी कडूबाला हाक मारली.