जवळ बसण्यापुरतं

"ताट उंबऱ्याबाहेर ठेव आणि जा," मामा आतून म्हणाले.

"मी काय हॉटेलातली वाढपी आहे?" म्हणत मामी ताट घेऊन सरळ आत आल्या आणि कॉटवर त्यांच्या शेजारी बसल्या. मामा सरकत गेले, सरकत गेले आणि भिंत आली म्हणून थांबले.

"अगं, वास येतो."

"मला नाही येत."

"खोटं बोलतेस. तोंडाने श्वास घेतेयस, दिसतंय मला."

मामींनी तोंड मिटलं आणि घास कालवायला घेतला.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. कोपऱ्यावरचं सलून त्यांचं. आता मुलगा चालवत होता. परक्या माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन उभं राहायचं, असं ते काम. म्हणून मामांनी उभ्या आयुष्यात कामाच्या दिवशी कच्चा कांदा खाल्ला नाही. सदरा रोज धुतलेला. "वस्तरा एकवेळ बोथट चालेल, न्हाव्याच्या अंगाला वास नको," असं ते मुलाला बजावत.

मग गालात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. तरी ती जबड्याखाली पुन्हा उगवली आणि कातडी फोडून बाहेर आली. त्या जखमेला जो वास सुटला, तो रोजच्या ड्रेसिंगलाही दाद देईना. मामांनी आपणहून मागची खोली धरली. नातीला दारातूनच हात हलवायचा. हेडमास्तर म्हणजे त्यांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, पुढे दोस्तच झालेले. ते दोनदा भेटायला आले, तर मामांनी झोपल्याचं सोंग घेतलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक नवा उपचार सुरू केलाय. थंड प्लाझ्मा म्हणतात. विजेच्या जोरावर वायूची बारीक ज्योत तयार होते, पण ती भाजत नाही. ती जखमेवरून फिरवायची."

मुलगा खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे गाठ जाईल?"

"प्रयोगशाळेत या ज्योतीने कॅन्सरच्या पेशी मरताना दिसतात. माणसाच्या अंगात किती उपयोग होतो, ते आम्ही अजून शिकतोय. गाठ जाईल असं वचन मी देणार नाही. पण जखमेतले जंतू मरतात, आणि काही जणांचा वास बराच कमी होतो."

मुलाचा चेहरा उतरला. मामांचा उजळला.

"वास जाईल?"

"जाऊ शकतो."

"मग बाकीचं राहू द्या."

उपचाराच्या खोलीत सिस्टरने पट्टी सोडली आणि पेनासारखी एक नळी हातात घेतली. टोकाशी जांभळट उजेडाची लहानशी जीभ लवलवत होती. मामांनी डोळे घट्ट मिटले. सिस्टरने ती ज्योत आधी स्वतःच्या बोटावर धरली.

"बघा मामा, काही होत नाही."

मामांनी एक डोळा उघडला. "जन्मभर दुसऱ्याच्या मानेवर वस्तरा चालवला. आज माझी मान तुमच्या हातात."

"हलू नका म्हणजे झालं."

"हे वाक्यही माझंच आहे," मामा म्हणाले.

सिस्टर हसली आणि तिला हात थांबवावा लागला. जखमेवर मुंग्या आल्यासारखं वाटलं, बारीक फुसफुस ऐकू आली, बस.

ठरल्या दिवशी मामी त्यांना घेऊन जात राहिल्या. काही आठवड्यांनी एका सकाळी पट्टी बदलताना त्यांचा हात थबकला. त्यांनी नाकाने खोल श्वास घेतला, मग पुन्हा एकदा.

"अहो, वास गेला."

"तू पहिल्यापासून हेच म्हणतेस. तुझी साक्ष चालणार नाही."

"मग कोणाची चालेल?"

मामा विचार करून म्हणाले, "हेडमास्तरांना बोलाव."

हेडमास्तरांनी एके काळी सख्ख्या पुतण्याला नापास केलं होतं. ते आले, चष्मा काढून मामांच्या मानेशी वाकले आणि पेपर तपासावा तसे बराच वेळ तिथेच राहिले.

"औषधाचा वास आहे."

"आणि?"

"आणखी काही नाही."

"नक्की?"

"मी कृपागुण देत नाही, ठाऊक आहे तुम्हाला." ते कॉटवर टेकले आणि दाढीचे खुंट खाजवत म्हणाले, "आता माझं बघा. तुमचा मुलगा हाताचा चांगला आहे, पण बोलत नाही हो. तोंडाला फेस लावून गप्प बसायचं म्हणजे शिक्षाच."

मामी गरम पाणी आणायला वळल्या. वळताना त्यांनी डोळे पुसले, ते कोणी पाहिलं नाही. मामांनी वस्तरा हातात घेतला आणि सावकाश दाढी केली. गप्पा मात्र गल्लीभर फिरून आल्या. संध्याकाळी नात थेट त्यांच्या मांडीवर येऊन बसली आणि जेवण होईपर्यंत उठली नाही.

गाठ मात्र कोणाचं ऐकेना. ती आतल्या बाजूने वाढत घशाकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी ते स्पष्ट सांगितलं. मामांनी मान डोलावली आणि विचारलं, "ज्योत चालू ठेवाल ना?" त्यांनी ठेवली.

मामा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. शेवटी शेवटी आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. त्यांचं बोलणं ऐकायचं तर कान अगदी ओठांशी न्यावा लागे. सगळे नेत. मुलगा नेई, सून नेई, हेडमास्तर गुडघे धरत खाली वाकत आणि काहीतरी ऐकून हसत वर येत.

एका दुपारी मामांनी बोट हलवलं. मामींनी वाकून कान लावला.

"मास्तरांच्या कानावर केस आलेत. पोराला म्हणावं, कात्रीने काप. मशीन नको."

"सांगते."

"आणि तू अशी वाकू नकोस. कंबर धरेल."

"धरू दे."

मामांचा डोळा लागला. त्यांचा श्वास मामींच्या कानाला लागत होता. बोलणं संपलं होतं, तरी त्या तशाच वाकून राहिल्या.