श्रावणबाळाची आई

दत्ताराम ठाकर परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. गणपतीच्या दिवसांत मात्र तो संध्याकाळी मांडवामांडवांतून कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करायचा. कुडाळकडे त्याच्या घरात हा खेळ बापजाद्यांपासूनचा. वडील गेले तेव्हा बाहुल्यांची पेटी तो बोटीने मुंबईला घेऊन आला होता. पडद्यामागे दोऱ्या त्याच्या हातात असायच्या आणि बायकांचे आवाज त्याची बायको शेवंती काढायची.

लोक वाट बघायचे ती श्रावणबाळाच्या प्रसंगाची. दशरथाचा बाण लागून श्रावण पडतो आणि दशरथ पाणी घेऊन त्याच्या आंधळ्या आईबापांपुढे उभा राहतो. आईची बाहुली चाचपडत त्याचा हात धरते आणि म्हणते, "हा हात माझ्या बाळाचा नव्हे." सासूने शिकवलेलं हे वाक्य शेवंती दहा वर्षं म्हणत आली होती. बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि खेळ पुढे जायचा.

लालबागच्या चाळीत त्यांच्या शेजारच्या खोलीत रखमावहिनी राहायच्या. त्या विधवा होत्या, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात जायच्या. बावीस वर्षांचा रघु हा त्यांचा एकुलता एक. छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून गिरणगाव रस्त्यावर उतरलं, तसा रघुही मोर्च्यात गेला. गोळीबारात तो गेला. चार पोरांनी त्याला चादरीत घालून चाळीत आणलं. जिना अरुंद होता, पोरं अडखळत होती. रखमावहिनी वरच्या पायरीवर उभ्या होत्या आणि शेवंतीने त्यांचा दंड धरला होता. त्या रडल्या नाहीत. खाली बघत एवढंच म्हणाल्या, "हळू आणा रे त्याला. पाय सोललाय त्याचा. नवी चप्पल चावलीय."

ते फक्त त्या चार पोरांनी आणि शेवंतीने ऐकलं.

त्या वर्षी भाद्रपदात पहिला खेळ चाळीजवळच्याच मांडवात झाला. दुखवट्याचं वर्ष म्हणून रखमावहिनी आल्या नव्हत्या. श्रावणाचा प्रसंग आला. आईची बाहुली पुढे सरकली आणि शेवंतीच्या तोंडून नेहमीचं वाक्य निघालंच नाही. निघालं ते असं, "हळू आणा रे माझ्या बाळाला. पाय सोललाय त्याचा. चालून चालून सोललाय."

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याचा हुंदका आला आणि सगळा मांडव रडू लागला. पुरुषसुद्धा.

घरी आल्यावर तो म्हणाला, "खंयसून आणलंस गो ता? माझे बाबा खेळ करीत तेव्हा पण लोक असे रडूक नाय."

"सुचलं तसं बोलले," शेवंती म्हणाली. खरं सांगायला तेव्हा जड गेलं नसतं. पण तिने सांगितलं नाही.

"आता रोज ताच म्हण."

आणि ती रोज म्हणू लागली. पहिल्या दिवशी ते आपोआप आलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने ते ठरवून म्हटलं. तिसऱ्या दिवशी 'पाय' या शब्दापाशी थोडं थांबलं की लोक जास्त हेलावतात, हे तिच्या ध्यानात आलं. चिंचपोकळीच्या मांडवातली माणसं मुद्दाम विचारायला आली, "ती आई बोलते तो खेळ तुमचाच ना?" शेवंतीला बरं वाटलं. इतकी वर्षं लोक फक्त दत्तारामच्या बोटांचं कौतुक करत आले होते.

भोईवाड्याच्या खेळाला रखमावहिनी आल्या. कुणीतरी त्यांना आग्रह करून आणलं होतं. पडद्याच्या फटीतून शेवंतीला त्या दिसल्या. त्या बायकांच्या दुसऱ्या रांगेत, पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. श्रावणाचा प्रसंग यायला अजून अवकाश होता. जुनं वाक्य तिला पाठ होतं, ते म्हटलं असतं तर कुणाचं काही अडलं नसतं.

प्रसंग आला. दत्तारामने कोपराने खूण केली. समोर मांडव श्वास रोखून बसला होता. शेवंतीने तेच म्हटलं, 'पाय'पाशी थांबून म्हटलं.

सगळीकडे हुंदके सुरू झाले. रखमावहिनी उठल्या, लोकांच्या पायांमधून वाट काढत बाहेर गेल्या. त्यांचे डोळे कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी नळावर भेटल्या. रखमावहिनींनी हंडा लावला आणि पाण्याकडे बघत त्या म्हणाल्या, "शेवंती, ते मी पोरांना सांगितलं होतं गं. त्याला लागू नये म्हणून."

"वहिनी, माझ्या तोंडून निघून गेलं—"

"काल रात्री मी तो दिवस आठवत होते, त्याला आणलं तो. माझा आवाज ऐकूच येईना. तुझाच येतो." हंडा भरला. त्या उचलून निघून गेल्या.

शेवंतीने त्याच संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. दत्ताराम डोकं धरून बसला. त्या वर्षीचे पुढचे खेळ त्यांनी रद्द केले आणि श्रावणाचा प्रसंग नंतर कधीच केला नाही. लोक विचारत, तेव्हा दत्ताराम म्हणे, "बाहुली मोडली."

रखमावहिनींनी अबोला धरला नाही. त्या विरजण मागायला यायच्या, शेवंतीच्या तापात त्यांनी पेज करून दिली. रघुचं नाव मात्र पुन्हा कधी काढलं नाही. पुढच्या वर्षी थंडीत त्या गिरणी सोडून विजयदुर्गकडे भावाकडे निघाल्या. भाऊच्या धक्क्यावर त्यांचं बोचकं शेवंतीनेच नेलं. माफी मागायचं तिने वाटेत दहादा घोकलं होतं. बोटीचा भोंगा झाला आणि ती म्हणाली, "पोचल्यावर पत्र टाका हां."

"मला कुठे लिहिता येतं गं," रखमावहिनी म्हणाल्या आणि फळीवरून बोटीत गेल्या.

साठ साली मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं. गल्लोगल्ली कमानी लागल्या, चाळीच्या कठड्यावर पणत्या लागल्या. हुतात्म्यांची नावं घेतली गेली, त्यात रघुचंही. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंती एक पोस्टकार्ड घेऊन ललिताकडे गेली. ललिता चाळीत नव्याने आलेली, पालिकेच्या शाळेत शिकवायची. जुनं काही तिला ठाऊक नव्हतं.

"रखमावहिनींना लिही, माझी चूक झाली."

"कसली चूक, मावशी?"

शेवंतीने सांगितलं. अरुंद जिना, चादर, पायऱ्यांवर अडखळणारी पोरं. रखमावहिनी काय म्हणाल्या तेही सांगितलं. सांगून होईपर्यंत ललिताचे डोळे भरून आले, हातातलं पेन तसंच राहिलं.

शेवंती तिच्याकडे बघत राहिली. आपण आत्ताही 'पाय'पाशी थांबलो होतो, हे तिला कळलं.

"राहू दे," ती म्हणाली. "असं लिही, आम्ही सगळे खुशाल आहोत. तब्येतीला जपा."

ललिताने डोळे पुसले आणि तेवढंच लिहिलं.