येते म्हणायचं

जयप्रकाश सावंतांच्या लॅबमध्ये 'जातो' हा शब्द चालत नसे. तळोज्याच्या त्या केमिकल कंपनीत संध्याकाळी बस सुटायची वेळ झाली की पोरं अ‍ॅप्रन खुंटीला अडकवून केबिनच्या दारात डोकावत आणि 'येतो सर' म्हणत. एखादा नवखा घाईत 'जातो' म्हणून निघालाच, तर सावंत त्याला जिन्यावरून परत बोलावत. "घरी शिकवलं नाही? येतो म्हणायचं." पोरं पाठीमागे त्यांची नक्कल करत. पण 'येतो'च म्हणत.

आणि तसं म्हणून खुशाल निघून जात. बाटली धड धुता न येणारी पोरं घ्यायची, त्यांना सॅम्पल तपासायला शिकवायचं, रिपोर्टवर सही करण्याइतकं तयार करायचं, की एक दिवस तोच पोरगा मान खाली घालून दारात उभा. कुणाला बडोदा, कुणाला हैदराबाद. परत आला तो एकच, आणि तोही अनुभवाच्या दाखल्यावर शिक्का राहिला होता म्हणून.

सावंतांना हे सोसत नसे. घरी कुणी नसेल, म्हणून जीव लावत असतील, असं ऑफिसात म्हणत. तसं काही नव्हतं. जुईनगरला बायको होती, मुलगी होती, तिघांचं छान चाललं होतं. माणूसच चिवट. कुणी राजीनामा दिला की त्याच्याशी अबोला धरायचे, अगदी शाळेतल्या पोरासारखा. प्रीतम नावाच्या पोराच्या वेळी तर त्यांनी कहर केला. सरळ जासईला त्याच्या घरी गेले, ओटीवर बसले आणि त्याच्या आईला म्हणाले, "मावशी, तुमच्या मुलाला घालवू नका हो." मावशी रडल्या. प्रीतम गेलाच, वर जाताना तक्रार करून गेला की मॅनेजर घरी येऊन दबाव टाकतात.

मग एचआरच्या शर्मिला मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. "सर, माणसं जाणारच. तुम्हाला हे शिकायला लागेल." वाशीच्या एका हॉटेलात ट्रेनिंग होतं, तिथे त्यांना धाडलं. मुलीच्या वयाच्या एका बाईंनी त्यांना शिकवलं, की राजीनामा आला की हसायचं. अभिनंदन करायचं. कारण एकदाच विचारायचं, खोदायचं नाही. घरच्यांचा तर विषयच काढायचा नाही.

सावंत मुळात अभ्यासू. आरशासमोर उभं राहून त्यांनी ते हसू घोटवलं. पुढचे दोन राजीनामे त्यांनी असे काही घेतले, की शर्मिला मॅडमनी मीटिंगमध्ये त्यांचं उदाहरण दिलं आणि टाळ्या पडल्या. आत मात्र काही बरं झालं नव्हतं. नवीन पोरांना त्यांचं गाव कुठलं, हे विचारणं त्यांनी सोडून दिलं, इतकंच.

जुन्यांपैकी राहिली होती संध्या. सगळे गेले तरी ती होती. मधल्या काळात तिचं लग्न झालं, प्रीतमच्या गावचं, जासईचंच सासर मिळालं, तरी ती होती. ती आहे तोवर आपण इथे फुकट नाही राबलो, असं सावंतांना वाटे. दिवाळी झाल्यावर एका सकाळी ती राजीनाम्याचं पाकीट घेऊन आत आली.

ते हसले. "अभिनंदन, संध्या. कुठे?"

"कुठे नाय सर. घरीच बसणार." ती पाकीट हातातच धरून होती. "सासरे म्हणतात, गाळ्यांचं भाडं येतंय, खोल्यांचं येतंय, त्या वासात कशाला जातेस? तिथे तुला कोण विचारतं?"

कारण एकदा विचारून झालं होतं. "तुझा निर्णय आहे," सावंत म्हणाले. "आम्हाला त्याचा आदर आहे."

संध्या हलली नाही. "सर, तुमी प्रीतमच्या घरी गेला होतात ना?"

"चुकलंच ते. आता तसं काही करत नाही मी. तू अगदी निर्धास्त राहा."

"सासरे आमचे तसे ऐकणारे आहेत," ती म्हणाली. "कुणी समोर बसून बोललं तर."

"छान," सावंत म्हणाले, आणि त्यांनी पाकिटासाठी हात पुढे केला.

त्या संध्याकाळी त्यांना जासईला जावंसं फार वाटलं. काय बोलायचं तेही मनात तयार होतं. पण मीटिंगमधल्या त्या टाळ्या आठवल्या आणि ते मुकाट घरी गेले. आपल्याला जमलं, असं त्यांनी बायकोला सांगितलं. जेवले मात्र नाहीत.

शेवटच्या दिवशी केक झाला, भाषण झालं. संध्याच्या टेबलावर नवी मुलगी आठवडाभर आधीपासूनच बसू लागली होती. तिच्या नेमणुकीवर सावंतांचीच सही होती. संध्याचं सामान घेऊन ते स्वतः गेटपर्यंत गेले. तिचे सासरे, हिरामण घरत, गाडी घेऊन आले होते.

"तुमीच सावंत सायेब? लय नाव आयकलाय तुमचा."

"गुणी सून आहे तुमची," सावंत म्हणाले. "खरं सांगतो, लॅब तिच्यावर चालायची."

हिरामणनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मंग आलात का नाय?"

"कुठे?"

"घरा. ही बोलली, सर येतील, तुमाला सांगतील. प्रीतमच्या घरी गेलते तसे. मी आयतवारी कुठं गेलो नाय, वाट बघत बसलो. येवढा मोठा सायेब माज्या दारान येऊन सुनेला मागतोय, तं मी काय नाय बोलनार होतो? मिरवला असता गावान." ते थांबले. "नाय आलात. मंग मी समजलो, तिथं हिची काय गरज नाय."

"अहो, मला यायचं होतं," सावंत म्हणाले. "मी... अजूनही बोलतो मी मॅडमशी..."

"आता कशाला? तिच्या जागेवर दुसरी बसली ना?"

हिरामणनी सामान मागे ठेवलं. संध्या पुढे बसली होती, सगळं ऐकत, समोरच्या रस्त्याकडे बघत. गाडी सुरू झाली तेव्हा तिने काच खाली केली.

"जाते सर."

सावंतांच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं. ते त्यांनी गिळलं. मग शिकवलं होतं तसं ते हसले, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तसेच हसत उभे राहिले.