दोन इंच आखूड

मी एक जुनी टेप आहे. ती लोखंडाची, बटण दाबलं की फटकन डबीत पळणारी नव्हे हं. मी कापडाची आहे, कपडे शिवणाऱ्यांच्या गळ्यात लोंबते तसली. एके काळी माझा रंग पिवळाधमक होता. आता त्याला काय म्हणावं ते मलाही सांगता येणार नाही. तुम्ही म्हणाल, टेपने आपलं चरित्र काय सांगायचं? पण मित्रांनो, माझ्यामुळे एका घराचं स्वयंपाकघर चुकलं होतं, आणि त्या घरातली बाई परत आपल्या घरी राहायला येते की नाही, अशी वेळ आली होती. म्हणून म्हणते, ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच लांब पट्टीवर एका अंगाला इंच आणि दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर छापून, दीडशे सेंटिमीटरला एक अशा आम्हा बहिणींना कापून वेगळं केलं. दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या चढवल्या. तिथून मी एका दुकानात आले आणि पहिल्याच आठवड्यात काकूंनी मला विकत घेतलं.

काकू घरीच शिवणकाम करायच्या. शाळेचे गणवेश, शर्ट, झगे, जे येईल ते. मी दिवसभर त्यांच्या गळ्यात. गळ्यातला ताईत म्हणतात ना, तो मी अक्षरशः होते. किती मुलांच्या छात्या मी मोजल्या, किती पोटं मोजली! एक गृहस्थ माप देताना दरवर्षी श्वास ओढून पोट आत घ्यायचे आणि काकू दरवर्षी त्यात गुपचूप तीन इंच मिळवायच्या. त्यांचे कपडे त्यांना बरोबर बसायचे आणि ते खूश होऊन जायचे.

वीसेक वर्षांनी माझ्या एका टोकाची पितळी टोपी निघून पडली. पहिले दोन इंच झिजून त्यांचे धागे सुटले. काकूंनी ते कात्रीने सरळ कापून टाकले आणि टोकाला बारीक टाके घातले. म्हणजे तेव्हापासून मी एकापासून सुरू होतच नाही. दोन इंच संपतात तिथून मी सुरू होते. माझ्यावर बत्तीस दिसले की काकू वहीत तीस लिहायच्या. ते वजा करणं त्यांच्या हाडात इतकं मुरलं होतं की त्यांना त्याची आठवणही नसायची. गिऱ्हाइकं म्हणायची, काकू, नवी आणा की. काकू म्हणायच्या, हिला माझी सवय झालीय आणि मला हिची. हे ऐकून मला फार बरं वाटायचं.

आता काकांबद्दल सांगते. काका म्हणजे काकूंचे यजमान. पस्तीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचले. आकडा वाचावा तर काकांनी, असं ते स्वतःच सांगायचे, आणि जेवताना तर हमखास सांगायचे. माणूस मनाने लोण्यासारखा, पण आपलं ते खरं करणारा. स्वयंपाकघरात ते फक्त पाणी प्यायला जायचे, आणि काकूंच्या मशीनकडे तर तेवढ्यालाही नाही.

मग एक दिवस काकू न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. लेक येऊन त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. दोन महिने मी मशीनवर वेटोळं घालून नुसती पडून होते. काका बाहेरून डबा आणायचे, अर्धा खायचे, आणि फोनचा आवाज मोठा करून काकूंशी बोलायचे. त्यामुळे मला सगळं कळायचं.

लेकीने एक अट घातली होती. ती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, आईने वाकायचं नाही आणि एका जागी दहा मिनिटांवर उभं राहायचं नाही. आपल्या स्वयंपाकघरात तर डुगडुगतं टेबल आहे आणि सगळी भांडी खाली जमिनीलगतच्या फळीवर. तसल्या ठिकाणी मी आईला पाठवणार नाही. स्वयंपाकघर नीट केलंत तर आणून सोडते, नाहीतर ते घर बंद करा आणि तुम्हीही इकडेच या. लेक काही वाईट नव्हती हं. ती घाबरली होती. पण काकू फोनवर दुसऱ्याच्या घरी आल्यासारख्या हळू बोलायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "इथे मला कुणी काही करूच देत नाही हो. नुसती बसवून ठेवतात." त्या दिवशी काकांनी डबा उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ते उठले आणि सपाट खोक्यांतून येणारं, घरी आपण जोडायचं, ते स्वस्तातलं स्वयंपाकघर घ्यायचं त्यांनी ठरवलं. मोजायला दुकानाचा माणूस येतो, असं लेकीने बजावून सांगितलं. काका म्हणाले, पस्तीस वर्षं आकडे वाचलेत, मला भिंत मोजायला माणूस कशाला? झालं! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. घरात दुसरी टेप नव्हती. त्यांनी मशीनवरून मला उचललं.

एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला होता. माझं टोक भिंतीच्या कोपऱ्यात टेकवलं, ताणलं, तिथे पेन्सिलीने खूण केली आणि त्या खुणेपासून मला पुन्हा एकदा लावलं. दीडशे आणि नव्वद, दोनशे चाळीस. मीटर वाचणाऱ्याची नजर शेवटच्या आकड्यावर असते, सुरुवातीला काय आहे ते तो बघत नाही. दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर. दोनदा लावलं म्हणून दहा. भिंत होती दोनशे तीसच! मला तोंड असतं तर मी ओरडले असते. मित्रांनो, माझ्या मापात पाप नव्हतं. मला कसं वाचायचं ते फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस घरात नव्हतं.

मला खिशात घालून काका दुकानात गेले. आपोआप हळूच मिटणारे खण त्यांना इतके आवडले की वीसदा उघडून मिटून पाहिले. ते खिशाला परवडणारे नव्हते. मग त्यांनी साधी पांढरी कपाटं निवडली, पण दाराची नाही, सगळी खणांची. दार उघडून आत वाकावं लागतं आणि खण बाहेर ओढला की सगळं वरून दिसतं, असं ते विक्रेतीला समजावून सांगत होते. जिच्यासाठी घ्यायचं तिला दाखवा तरी, असं विक्रेती म्हणाली. काका म्हणाले, तिला अचानक दाखवायचंय. साठ सेंटिमीटरची चार कपाटं, वर एक लांब फळी आणि एक उंच स्टूल. काकू दमल्या की स्टुलावर बसतील, असा त्यांचा हिशेब. मी शिवणकामातली. मला कळत होतं की बंद खणांसमोर बसलं तर गुडघे ठेवायला जागाच नाही, बाई तिरकी बसणार. पण सांगते कुणाला?

खोकी आली. कागदावर नुसती चित्रं, शब्द एकही नाही. पिशवीभर स्क्रू, लाकडी खुंट्या आणि एक वाकडी चावी. काकांच्या नाकी नऊ आले. पहिल्या कपाटाची पाठ उलटी बसली, दुसऱ्याच्या एका खणाची मूठ खालच्या अंगाला गेली. बोटांना फोड आले, चष्मा दोनदा खोक्यात हरवला. तरी चार दिवसांत चारही कपाटं बाहेरच्या खोलीत ओळीने उभी केली, आणि प्रत्येक खण ओढून ते मनाशी म्हणत होते, इथे चमचे, इथे डाळी, इथे तिचे डबे. इतक्या मायेने कुणी काही जोडताना मी काकूंशिवाय दुसरं कुणी पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी कपाटं भिंतीला पक्की करायला फिटर आला. अबोल माणूस. तीन कपाटं बसली. चौथं बसेना. काका म्हणाले, जरा दाबा. फिटर म्हणाला, भिंत दाबू का? त्याने आपली लोखंडी टेप लावली. दोनशे तीस. काकांनी मला पुढे केलं, दोनशे चाळीस! फिटरने मला आपल्या टेपशेजारी ठेवलं, बोटाने माझं टोक दाखवलं आणि म्हणाला, "काका, ही पाचावर सुरू होते."

काका मटकन खोक्यावर बसले. मला त्यांनी दोन्ही हातांत धरलं आणि माझ्या टोकाचे ते बारीक टाके बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "एवढी वर्षं ही तिच्या गळ्यात होती. मी एकदा हातात घेऊन बघितली नाही." मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच गेला.

फिटरने सांगितलं, पन्नासचं कपाट मागवता येईल, पंधरा दिवस लागतील. पण लेक येणार होती दुसऱ्याच दिवशी, आणि तिची रजा तेवढीच होती. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आधी त्यांच्या मनात आलं, चौथं कपाट लपवावं आणि मुद्दाम जागा सोडली असं सांगावं. मग त्यांनी मान हलवली आणि सरळ काकूंना फोन लावला. भिंत, दीडशे, नव्वद, पाच, सगळं ओळीने कबूल केलं. अचानक दाखवायचं ते राहूनच गेलं.

पलीकडे काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग काकू हसल्या. दोन महिन्यांत त्या पहिल्यांदाच अशा मोठ्याने हसल्या.

"अहो, ती दोन इंच आखूड आहे. मला विचारायचं तरी."

"चुकलं माझं," काका म्हणाले. हे वाक्य त्या घरात मी तरी पूर्वी ऐकलं नव्हतं.

काकूंनी विचारलं, रिकामी जागा कुठल्या बाजूला राहिली? खिडकीच्या. किती? पन्नास. मग म्हणाल्या, "तिथे काही बसवू नका. मला बसवा." आणि त्यांनी फिटरलाच फोनवर घेतलं. म्हणाल्या, कपाटांवरून उरलेली लांब फळी कापा आणि त्या जागेत खाली लावा. माझ्या मशीनचं टेबल जेवढं उंच आहे तेवढीच. खाली मोकळं ठेवा. आयुष्यभर मी गुडघे टेबलाखाली घालूनच काम केलंय. शिवणाला कधी दमले नाही. दमले ते उभं राहून.

मशीनचं टेबल काकांनी मलाच लावून मोजलं. या खेपेला त्यांनी आधी टोक पाहिलं, वजा केलं आणि खात्रीसाठी फिटरकडूनही मोजून घेतलं. संध्याकाळपर्यंत खिडकीशी ती बुटकी फळी बसली. चौथं कपाट बाहेर मशीनशेजारी राहिलं आणि दोऱ्याच्या रिळांना घर मिळालं. उंच स्टुलाच्या जागी मशीनसमोरची खुर्ची गेली.

रविवारी गाडी आली. काकू काठी टेकत आत आल्या. त्यांची बॅग मात्र लेकीने गाडीतच ठेवली होती. ती एकेक खण ओढून बघू लागली. उलट्या मुठीपाशी तिने काकांकडे पाहिलं. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

काकू खुर्चीत बसल्या. गुडघे फळीखाली गेले. दोन्ही तळवे त्यांनी फळीवर ठेवले, मशीनवर ठेवायच्या तसे. मग म्हणाल्या, "सुरी द्या आणि भाजी द्या." लेक दाराला टेकून उभी राहिली, मनगटावरचं घड्याळ बघत. काकांना चहाचं आधण ठेवायला सांगितलं गेलं. पाणी किती, साखर किती, आता गॅस बारीक करा, काकू बसल्या जागेवरून सांगत होत्या आणि काका ऐकत होते. भाजी चिरून झाली. पीठ मळून झालं. दहा मिनिटं गेली, वीस गेली, अर्धा तास झाला. काकूंचा चेहरा एकदाही वाकडा झाला नाही. उलट त्या गुणगुणायला लागल्या.

लेकीने घड्याळ बघायचं सोडलं. ती बाहेर गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात बॅग होती.

"आई," ती म्हणाली, "ही कुठे ठेवू?"

काका रडले. दुसऱ्यांदा ठेवलेला चहा उतू गेला, तो लेकीने उतरवला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. काकूंनी शिवणकाम बंद केलंय, नजर पोचत नाही. माझे आकडेही पुसट झालेत. मला कुणी गळ्यात घालत नाही, आणि खोटं कशाला बोलू, कधी कधी फार एकटं वाटतं. काकांनी एक लोखंडी टेप आणलीय, ती दिवसभर डबीत झोपलेली असते. पण स्वयंपाकघरात रोज सकाळी काकू बसून चिरतात, मळतात, आणि काका उभे राहून फोडणी देतात. काय, कुठे, किती, हे ते आता विचारतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी रोज राबत असेल. त्याच्या हातातली वस्तू झिजलेली असेल, तुटलेली असेल, आणि ती कशी सांभाळून घ्यायची ते फक्त त्यालाच ठाऊक असेल. ती फेकू नका आणि न विचारता वापरूही नका. त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा, हे कसं करायचं, मला दाखव ना. काकांना एवढं विचारायला एकेचाळीस वर्षं लागली. तुम्ही आजच विचारा.